चूक कोणत्या तारखेची धरायची?

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. बेकायदा अटक, खोटा गुन्हा किंवा कोठडीतील मारहाण यांबद्दल न्यायालये जी भरपाई द्यायला लावतात तिचा बोजा सरकारी तिजोरीवर पडू नये, यासाठी डॉक्टरांप्रमाणे पोलिसांचाही व्यावसायिक जबाबदारीचा विमा उतरवावा, अमेरिकेत तसे केलेच जाते, अशी सूचना त्यांनी केली आहे. सूचना सद्हेतूने केलेली आहे, यात मला शंका नाही. मात्र एका विमा कंपनीच्या सोलापुरातील दावे विभागात मी तीस वर्षे काढली असून त्यांतला बराच काळ जिल्हा न्यायालयात, मोटार अपघात न्यायाधिकरणाबाहेरच्या बाकांवर गेला आहे. विम्याचा हप्ता भरण्याचा दिवस आणि दाव्याचे पैसे हातात पडण्याचा दिवस यांच्यामध्ये किती कागद, किती तारखा आणि किती अपवाद कलमे उभी असतात, हे मी टेबलाच्या कंपनीच्या बाजूने पाहिले आहे. म्हणूनच, अमेरिकेतील ज्या व्यवस्थेचा दाखला पत्रलेखकांनी दिला ती नेमकी कुठे अडते, हे वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

तिकडे १८७१ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेले ‘कलम १९८३’ आहे. सरकारी अधिकाराच्या आडून कोणी नागरिकाचे घटनात्मक हक्क तुडवले, तर त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दिवाणी दावा लावता येतो. कागदावर प्रतिवादी पोलिस असतो, प्रत्यक्षात पैसे शहर भरते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४४ मोठ्या पोलिस दलांचे २००६ ते २०११ या काळातील आकडे तपासले गेले, तेव्हा पीडितांना मिळालेल्या एकूण रकमेपैकी पोलिसांच्या स्वतःच्या खिशातून गेलेला वाटा ०.०२ टक्के निघाला. न्यूयॉर्क, शिकागो यांसारखी बडी शहरे बहुधा स्वतःच्या अंदाजपत्रकातूनच भरपाई देतात. लहान शहरे आणि काउंटी (म्हणजे तिकडचे जिल्हे) मात्र पोलिस जबाबदारीची पॉलिसी घेतात किंवा चार-पाच शेजारी संस्था मिळून सामाईक निधी उभारतात. भांडण लागते ते या लहानांच्या बाबतीत.

शिकागोच्या दक्षिणेला शिकागो हाइट्स नावाचे एक छोटे शहर आहे. तेथील पोलिसांनी जानेवारी १९९४ मध्ये एका माणसाला खुनाच्या आरोपाखाली पकडले, १९९५ मध्ये त्याला शिक्षा झाली, पुढे ती शिक्षा रद्द झाली, फेरखटला चालला आणि जुलै २०१४ मध्ये तो निर्दोष सुटला. पोलिसांनी ओळख पटवणाऱ्या साक्षीत फेरफार करून पुरावा रचला, असा त्याचा दावा होता. शहराने तडजोडीत १.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी ३० लाख १९९४ सालच्या विमा कंपनीने भरले, कारण तिच्या पॉलिसीची मर्यादाच तेवढी होती, आणि २० लाख शहराने स्वतः भरले. उरले १ कोटी. हे पैसे २०११ ते २०१४ या मुदतीच्या पॉलिसी देणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करण्याचा आपला हक्क शहराने त्या माणसाच्याच नावे करून दिला. म्हणजे ज्याच्या आयुष्याची वीस वर्षे गेली, त्यालाच आता विमा कंपन्यांविरुद्ध नव्याने न्यायालयात उभे राहावे लागले.

तिथे वादाचा प्रश्न एकच होता, आणि ऐकायला तो अगदी कारकुनी वाटतो: चूक कोणत्या तारखेला घडली? त्या माणसाचे म्हणणे असे की, दुष्ट हेतूने चालवलेला खटला हा कायद्याच्या दृष्टीने पूर्ण होतो तो आरोपी निर्दोष सुटल्यावर, म्हणून २०१४ ची पॉलिसी लागू. कंपन्यांचे म्हणणे असे की, पोलिसांनी जे करायचे ते १९९४ मध्येच करून ठेवले होते, २०१४ मध्ये तर त्यांचे पाप उघडे पडले, नवे पाप घडले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांचे म्हणणे मान्य केले. पॉलिसीतील शब्दांचा साधा अर्थ घेतला, तर अपराध खटला सुरू झाला त्या दिवशीचा, आणि फेरखटल्यामुळे नवी तारीख लागत नाही, असे ठरले. १ कोटी डॉलर गेले.

दावे विभागातला माणूस म्हणून मला हा निकाल समजतो. २०११ मध्ये पॉलिसी विकणाऱ्या कंपनीने सतरा वर्षांपूर्वीच्या तपासाची जोखीम मोजून हप्ता ठरवलेला नव्हता, हे खरेच आहे. शिवाय दुसऱ्या बाजूचा अर्थ लावला, तर एखाद्या कैद्याची सुटका जवळ आल्याचा सुगावा लागताच शहराने मोठी पॉलिसी घ्यावी, असाही मार्ग मोकळा होईल. पण याच निकालाला दुसरी बाजू आहे आणि ती मला आजही अस्वस्थ करते. त्याच २०१९ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, रचलेल्या पुराव्याबद्दल दावा लावण्याची मुदत आरोपी निर्दोष सुटल्यापासून मोजायची, कारण त्याआधी त्याला दावा लावताच येत नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. दावा लावायला निर्दोष सुटेपर्यंत थांब, असे कायदा एका दाराशी सांगतो, आणि थांबून तो दुसऱ्या दाराशी गेला की चूक तर तेव्हाच घडली, तेव्हाची पॉलिसी शोध, असे त्याला ऐकावे लागते. तेव्हाची पॉलिसी म्हणजे तेव्हाच्या पैशातली, तेव्हाच्या मर्यादेची. तीही शहराच्या दप्तरात सापडली तर, आणि ती देणारी कंपनी अजून जिवंत असली तर.

हे आपल्यापासून दूर आहे असे कोणी मानू नये. आपल्या १९६३ च्या मुदत कायद्यातही दुष्ट हेतूने चालवलेल्या खटल्याबद्दल भरपाई मागायला एकच वर्ष दिले आहे आणि ते निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्य रीतीने संपल्यापासून मोजले जाते. बेकायदा कैदेबद्दलही एकच वर्ष, कैद संपल्यापासून. म्हणजे उद्या इथे पोलिसांचा विमा आला, तर हाच पेच आपल्याकडे जसाच्या तसा उभा राहणार आहे.

पत्रलेखकांनी डॉक्टरांचे उदाहरण दिले आहे, म्हणून एक आठवण सांगतो. आपल्याकडे डॉक्टरांना मिळणारी पॉलिसी सहसा ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची असते. चूक केव्हा झाली यापेक्षा दावा केव्हा आला याला तिच्यात महत्त्व असते, पण एका अटीवर: चूक पॉलिसीत लिहिलेल्या मागच्या तारखेनंतरची असली पाहिजे. इथल्याच एका शल्यविशारदांनी बरीच वर्षे एका कंपनीकडे विमा ठेवला, मग हप्ता स्वस्त पडतो म्हणून दुसरीकडे गेले, आणि एजंटाने नव्या पॉलिसीत मागची तारीख जुनी लावून घ्यायची ती लावून घेतली नाही. वर्षभराने आधीच्या काळातील एका शस्त्रक्रियेबद्दल ग्राहक मंचाची नोटीस आली. जुनी कंपनी म्हणाली, दावा आमच्या मुदतीत आला नाही. नवी म्हणाली, शस्त्रक्रिया आमच्या तारखेच्या आधीची. दोन्ही पत्रांची भाषा नम्र होती आणि दोन्ही पत्रे कराराप्रमाणे बरोबर होती. त्यांपैकी एक पत्र मीच टाइप करून घेतले होते. डॉक्टरांनी पैसे स्वतः भरले. ते भरू शकत होते.

सगळीकडे हा प्रश्न एकाच रीतीने सुटतो असेही नाही, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट काउंटीत १९७९ च्या एका गुन्ह्यासाठी तीन निरपराध माणसांना शिक्षा झाली होती. त्यांपैकी एकाचा मृत्यू तुरुंगातच झाला. नंतरच्या वर्षांत काउंटीला पॉलिसी विकणाऱ्या कंपन्यांनी तिथेही हात वर केले, पण २०१९ मध्येच पाचव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने त्यांना काउंटीच्या बचावासाठी उभे राहायला लावले. कारण त्या पॉलिसींत संरक्षण बांधलेले होते ते मुदतीत झालेल्या शारीरिक इजेशी, आणि तुरुंगात मार खाणारा, आजारी पडणारा माणूस दर वर्षी नव्याने इजा सोसत असतो. पोलिसांचे कृत्य जुने असले म्हणून या वर्षीची इजा जुनी होत नाही. दोन्ही ठिकाणच्या माणसांचे दुःख सारखेच होते. पॉलिसीच्या कागदावर ‘अपराध मुदतीत घडला पाहिजे’ असे छापले आहे की ‘इजा मुदतीत झाली पाहिजे’ असे, एवढ्याने फरक पडला.

विमा पुरला नाही तर काय होते, तेही पाहू. नेब्रास्का राज्यात गेज नावाची काउंटी आहे, लोकसंख्या सुमारे २२,०००. आपल्या महापालिकेच्या एका प्रभागात याहून अधिक लोक राहतात. १९८५ च्या एका खुनासाठी तेथे सहा जणांना शिक्षा झाली आणि २००८ मध्ये डीएनए तपासणीने खरा गुन्हेगार वेगळाच असल्याचे दाखवले. २०१६ मध्ये ज्यूरीने काउंटीला २.८१ कोटी डॉलर भरायला सांगितले. विमा लागू होतो की नाही यावर काउंटीचा विमा देणाऱ्यांशी वाद झाला, आणि वाद चालू असताना व्याज काही थांबत नाही. अखेरीस काउंटीने मालमत्ता कर वाढवला आणि पुढे विक्रीवर अर्ध्या टक्क्याचा जादा करही लावला. १९८९ मध्ये, त्या सहा जणांना अटक झाली तेव्हा, जे जन्मालाही आले नव्हते, त्यांनीही पुढे दुकानात खरेदी करताना त्या तपासाचे पैसे भरले.

मग विमा नकोच का? तसे मी म्हणणार नाही, कारण विम्याची एक बाजू अशी आहे जी सरकारी तिजोरीला नाही. पैसे गमावणारा माणूस प्रश्न विचारतो. कॅलिफोर्नियातील मेवुड शहराच्या पोलिसांविरुद्ध इतके दावे झाले की, २०१० मध्ये सामाईक विमा निधीने त्याचे संरक्षण काढून घेतले. विम्याविना पोलिस दल चालवणे अशक्य झाल्याने शहराने ते बरखास्त केले आणि बंदोबस्ताचे काम काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे तेथील पोलिस प्रमुखाकडे, सोपवले. आंदोलने, निवेदने आणि चौकशी समित्या यांनी जे साधत नाही, ते विम्याच्या नकाराने साधले. अशा विमा संस्था पोलिसांच्या प्रशिक्षणाची, कोठडीतील नोंदींची, पाठलागाच्या नियमांची विचारपूस करतात, ती लोकशाहीच्या प्रेमापोटी नव्हे, दावे कमी व्हावेत म्हणून. हेतू कोणताही असो, कोठडीतला माणूस तेवढा सुरक्षित होतो.

आपल्याकडे हा प्रश्न विचारणारा कोणी नाही. १९६४ च्या कस्तुरीलाल प्रकरणात मेरठ पोलिसांनी जप्त केलेले सोने घेऊन हवालदार पाकिस्तानात पळून गेला, तरी सार्वभौम अधिकाराच्या नावाखाली सरकार सुटले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्दोष ठरल्यावरही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षे डांबलेल्या एका माणसाला एकूण ३५,००० रुपये देवविले आणि मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल भरपाईचा रस्ता उघडला. १९९३ मध्ये ओडिशातील एका कोठडी मृत्यूबद्दल आईला दीड लाख मिळाले. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक झाली ती १९९४ मध्ये, म्हणजे शिकागो हाइट्समधील त्या माणसाच्याच वर्षी. केरळ सरकारने त्यांना ५० लाख द्यावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला २०१८ मध्ये. तिथे पॉलिसी असती, तर १९९४ ची की २०१८ ची, हा वाद आणखी किती वर्षे चालला असता, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे सारे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या रिट अधिकारातले. साध्या माणसासाठी लिहिलेल्या कायद्यात काय आहे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ प्रमाणे, विनाकारण अटक झालेल्या माणसाला न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त १,००० रुपये देऊ शकतात. तेही पोलिसांकडून नाहीत, ज्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी अटक केली त्याच्याकडून. फौजदारी संहितेच्या जुन्या कलम ३५८ मधला आकडाच नव्या कायद्यात उतरवून घेतला आहे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष न्यायालय असावे, अशी शिफारस केली होती. संहिता नव्याने लिहिताना ती घेता आली असती.

आता सूचनेकडे वळतो. पोलिसांचा विमा आणायचाच असेल, तर तो मोटार विम्याच्या नमुन्यावर आणावा, डॉक्टरांच्या नव्हे. मोटार अपघातात चालकाचा परवाना खोटा निघाला किंवा मुदत संपलेला निघाला, तरी पीडिताला कंपनीने आधी पैसे द्यायचे आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करायचे, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंह निकालाने पक्की केली. वकील मंडळी तिला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. सुरुवातीला आम्हा कंपनीच्या माणसांना ती अन्यायाची वाटत असे, हे कबूल करतो. पण पाय गमावलेल्या गवंड्याने मालक आणि कंपनी यांच्यातील करार वाचत बसू नये, हे तत्त्व बरोबर होते. पोलिसांच्या बाबतीत ते अधिकच लागू पडते. विम्याचा एक जुना नियम आहे की, जाणूनबुजून केलेल्या कृत्याला संरक्षण नाही. कोठडीत पट्ट्याने मारणे हे अनवधानाने होत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या धर्तीची पॉलिसी घेतली, तर ज्या दाव्यांसाठी ती घ्यायची त्यांतले सर्वांत वाईट दावेच अपवाद कलमात जाऊन पडतील. पीडिताला आधी पैसे, आणि मुद्दाम केलेल्या कृत्याची वसुली त्या अधिकाऱ्याच्या वेतनातून व निवृत्तिवेतनातून, असे कायद्यानेच लिहून ठेवल्याखेरीज या विम्याला अर्थ नाही.

दुसरे, मुदतीची भाषा. अटक, आरोपपत्र, कैद, सुटका यांपैकी कोणत्याही दिवशी जी पॉलिसी चालू असेल ती लागू, आणि अनेक असतील तर कंपन्यांनी आपापसांत वाटा ठरवावा, पीडिताला त्यात ओढू नये, एवढे एक कलम पुरे आहे. आगीच्या विम्यात एकाच गोदामावर दोन कंपन्यांच्या पॉलिसी असल्या की आम्ही वाटे पाडून घेतच होतो, त्यासाठी कोणी गोदामवाल्याला वीस वर्षे थांबवले नाही.

आणि कंपनी हवीच असेही नाही. पोलिसांच्या जीपगाड्यांना आजही सक्तीचा मोटार विमा लागत नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये सरकारी कामाच्या वाहनांना सूट आहे. तसेच कंपनीविना राज्याने स्वतःचा निधी पोलिस जबाबदारीसाठी उभारावा, पण त्यात प्रत्येक आयुक्तालयाचा आणि जिल्हा दलाचा हप्ता त्याच्या मागील दाव्यांवरून ठरवावा. सोलापूर शहर पोलिसांचा हप्ता किती, ग्रामीणचा किती, गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला, हे दर वर्षी प्रसिद्ध व्हावे. आज भरपाई तिजोरीतून जाते आणि ज्या ठाण्यात ती ओढवली त्या ठाण्याच्या एकाही वहीत तिची ओळ पडत नाही. निदान तिजोरीतून जाते असे धरून चालू. न्यायालयाची रक्कम थकली म्हणून सरकारी कचेरीतील खुर्च्या-टेबले जप्त करायला बेलिफ गेल्याच्या बातम्याही आपण वाचतोच.

जबाबदारी नेमकी कुणाची आणि कधीची, हे ठरेपर्यंत माणूस कसा थांबतो, ते सांगतो. समजा, पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार चोरीच्या खोट्या गुन्ह्यात चौदा महिने आत राहिला. त्याचे माग दुसऱ्याला दिले गेले, बायको विड्या वळून घर चालवू लागली, मुलीची शाळा सुटली. निर्दोष सुटल्यावर दावा लावायला त्याच्याकडे एक वर्ष आहे. त्या वर्षात त्याने आधी काम शोधायचे की वकील? आणि वकील सापडला, निकाल लागला, तरी पुढे दोन विमा कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत उभ्या राहिल्या, तर तो माझ्यासारख्याच एखाद्या अधिकाऱ्याचे नम्र पत्र हातात घेऊन पुन्हा जिल्हा न्यायालयाच्या बाकावर येऊन बसेल. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, तो खटला खोट्या साक्षींवर उभा होता असे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि दर जानेवारीत आपण त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. त्या कामगाराला हार नको आहे, चौदा महिन्यांची मजुरी हवी आहे.

वर सांगितलेल्या दोन कलमांचा, म्हणजे आधी भरपाई मग वसुली आणि मुदतीची भाषा यांचा, कच्चा मसुदा मी मराठीत करून ठेवला आहे. सूचना करणाऱ्या पत्रलेखकांना, किंवा हा विषय विधिमंडळात मांडू इच्छिणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील कोणाही आमदारांना तो हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी पोहोचता करीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त विमा अधिकारी,
सोलापूर